नवा जांग ओतण्याआधी

हागोक, आंदोंग
९ एप्रिल १९९१

प्रिय मि-ह्वा,

तुम्ही दोघं बरे असाल. भाऊजींचा खोकला बुसानच्या समुद्रावरच्या हवेने कमी झाला का, ते कळव. इथे जर्दाळू फुलून गेला. मागच्या भिंतीचा एक कोपरा पावसाने खचला होता, तो यांनी बांधून घेतला. बाकी सगळं आहे तसंच.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला तू आली नाहीस. पानं मांडताना धाकट्या मामंजींनी एकदा दाराकडे पाहिलं, इतकंच.

जेवण चांगलं झालं म्हणे. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या आधी श्राद्धाच्या जेवणाची चव कुणी घेत नाही, त्यामुळे त्या दिवशी मी निर्धास्त होते. मुळ्याच्या सारात सोयाबीनचा खारा जांग घातला तो हाताच्या अंदाजाने. मागाहून सगळे जेवले. धाकटे मामंजी वाटी रिकामी करून म्हणाले, "सूनबाई, आज वहिनीच्या हातचं जेवलो." मी मान खाली घातली.

यंदाचा जांग मी एकटीने घातला. पंचांगात घोड्याचा शुभ दिवस पाहून घातला. सोयाबीनच्या ढेपा छान वाळल्या होत्या. पाण्यात अंडं सोडून मीठ पाहिलं. अंड्याचा नाण्याएवढा भाग वर राहिला, म्हणजे मीठ बरोबर. डोळ्यांनी जे जे कळतं ते सगळं नीट केलं. रांजणाला गवताची दोरी बांधली, तिच्यात मिरच्या आणि कोळसा खोवला, नजर लागू नये म्हणून उलटा कागदी मोजा चिकटवला. जांगात थुंकी उडू नये म्हणून, सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे, स्वतःच्या तोंडावर कागद बांधून रांजणावर वाकले होते तेव्हा शेजारची मून बाई कुंपणावरून म्हणाली, "आता तुझी सासू थोडीच बघायला आहे? सोड तो कागद, जरा बोल माझ्याशी."

मी सोडला नाही. तोंडावर कागद असला की 'कसा झालाय' असं कुणी विचारत नाही.

परवा ढेपा काढल्या, रस गाळला, उकळला. तो निवून तयार आहे. आता दरवर्षीसारखा तो पिढ्यांपासून चालत आलेल्या जुन्या जांगाच्या रांजणात ओतायचा. धाकटे मामंजी रोज सकाळी काठी टेकत येतात.

"कधी ओतणार?"

"जरा ऊन पडू दे, मामंजी."

"पडलंय की. तुला दिसत नाही?"

"दिसतं."

"मग? या घरात सुना बदलल्या, जांग नाही बदलला. तुझ्याने होत नसेल तर तसं सांग. माझी सून आहे, ती करील."

"होईल माझ्याने."

मला दिसतं आणि ऐकूही येतं. हिवाळ्यातल्या तापातून उठले तेव्हापासून चव मात्र लागत नाही. वासही येत नाही. भात गरम लागतो, किमची गार लागते, बस. आंदोंगच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाले, "येईल परत. नाही आली तर या वयात फार मनाला लावून घेऊ नका." मी बरं म्हणून उठले. काम काय करता, हे त्यांनी विचारलं नाही.

घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. हे जेवतात आणि जेवणानंतर पाणी पितात. पुष्कळ पितात. इतकं पाणी पिणारा हा माणूस नव्हता.

नवा जांग बिघडलेला असेल आणि मी तो जुन्यात ओतला, तर जुना परत मिळणार नाही. चांगला असून ओतला नाही, तर यंदा रांजणाची पातळी उतरेल, आणि का उतरली ते मामंजी सगळ्या गावासमोर विचारतील. रोज झाकण उघडते, आत बघते, परत झाकते. आत माझाच चेहरा दिसतो.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. तू लग्न होऊन आलीस त्या वसंतात सासूबाईंनी नव्या जांगाचा चमचा तुझ्या हातात दिला होता. तू म्हणालीस, "आई, हा कडवट आहे." त्यांनी चमचा काढून घेतला आणि पुन्हा कधी तुला झाकणाला हात लावू दिला नाही. तुम्ही घर सोडून गेलात त्याची सुरुवात तिथे झाली, हे मला माहीत आहे. पण तो जांग त्यांनी जुन्यात ओतला नाही. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या बांधावर नेऊन ओतून टाकला. बादलीची एक बाजू माझ्या हातात होती. "जीभ खरी आहे हिची," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नकोस." आता त्या नाहीत, म्हणून सांगते.

पार्सलमध्ये दोन बाटल्या आहेत. लाल दोऱ्याची नव्याची. नुसत्या भातावर थेंब टाकून बघ आणि असेल तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. फोनही करू नकोस. फोन ओसरीवर आहे आणि मामंजी तिथेच बसतात.

दुसरी बाटली जुन्याची. दोन्हींची चव जुळते का हे पाहायला तुला ती लागेलच. त्याला चार थेंब पुरले असते, मी बाटली भरून पाठवली आहे.

पन्नास सालच्या लढाईत सासूबाई जीव वाचवायला बुसानला चालत गेल्या, तेव्हा एका हाताला लहानगे हे होते आणि पाठीवर, पोर बांधतात तसा, जांगाचा बुधला बांधला होता. परत आल्या तर रांजण फुटलेला. आज आपण जे खातो ते त्या बुधल्यातून वाढवलेलं आहे. पाहुण्यांना त्या हे सांगत नसत. रांजण पणजेसासूंचा आहे, असंच म्हणत. मला एकदा सांगितलं, तेही पाठ चोळून घेताना.

तुमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं, असं तू मागे लिहिलं होतंस. एक लहान रांजण घे. कागद, दोरी काही नको. झाकण उघडताना तोंड बांधायचीही गरज नाही.

मी दमले आहे, मि-ह्वा. तुझं पत्र येईपर्यंत मी मामंजींना ढग दाखवत राहीन. नवा वाईट निघाला तर बांधावर नेईन. चांगला असला तर ओतीन. पण पुढच्या वर्षी घोड्याच्या दिवशी मी ढेपा भिजवीन की नाही, ते आज मला सांगता येत नाही.

जुन्याची बाटली परत पाठवू नकोस.

तुझी थोरली जाऊ,
बोंग-इम

(हे माझं नाव. या घरात ते तुला कुणी सांगितलं नसेल.)