तपासायचं ते जाडीलाच

माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीतून शाळा सोडली, म्हणजे लिहिणारी अर्धीमुर्धी आणि वाचणारी तर नाहीच. तरी लिहिते. सुरतेत, कोसाडच्या घरात दुपारची एकटी बसलेय, साडीच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा पुढ्यात घेतलाय. एक भरला की दुसरा घेईन, ढीग पडलाय घरात, सून साड्यांच्या घड्या घालायचं काम आणते ना. आधी आनंदाचं सांगते, मग भांडते. माझी नात रक्त काढायला शिकतेय. हो, तुझी पणती. एकोणीस वर्षांची झाली, अंगानं माझ्यावर गेलीय, दारातून आली की उजेड अडतो, आणि चार मजले धापा न टाकता चढते. लॅबवाल्यांचा कोर्स करते. पांढरा कोट घालून पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी तिची दृष्ट काढली तर म्हणते, "आज्जी, मीठ चुलीत नको टाकू, तुझ्या खाण्यातनं कमी कर." अशी जीभ! तुझ्यासारखीच. पण तिची लागत नाही, तुझी लागायची. तुझी अजून लागते, बावीस वर्षं झाली तुला जाऊन, तरी.

भेस्तानच्या कारखान्यातला वजनकाटा आठवतो तुला? आपण मायलेकी तिथं बॉबिन भरायचो, बाबा लूमवर. कपड्याचे ताके तोलायचा मोठा लोखंडी काटा दारातच होता. मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, मुलगी जड आहे म्हणतात, खरं का? जेवणाच्या सुट्टीत माझा दंड धरलास आणि सगळ्या बायांसमोर मला त्या काट्यावर उभं केलंस. काटेवाला गुजराती, तोंडात तंबाखूचा मावा. म्हणाला, "बेन, आ तो बे ताका वधारे छे." दोन ताके जास्त! बाया हसल्या. मी तुझ्याकडे बघितलं, तर तूही पदर तोंडाला लावून हसतेस. मी अठराची होते, माय. खाली उतरले तेव्हा पायाखालची फळी परत वर आली, त्याचा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. लग्न झालं ते झालंच, नवऱ्यानं जन्मभर माझ्या अंगावरून शब्द काढला नाही. पण तू? माझ्या ताटात कळण्याची अर्धी भाकरी आणि वर, "कितलं खाशी व? दार मोठं करनं पडी." आणि माझ्यासमोर बसून तू गुळाचा खडा चोखायचीस, चहात तीन चमचे साखर घ्यायचीस. बारीक म्हणून तुला सगळं माफ. काट्याच्या त्या दिवशी संध्याकाळी माझा ब्लाऊज घेऊन बसलीस, शिवण उसवून दोन बोटं ढिला केलास आणि माझ्या उशाशी ठेवलास, तेही लिहून ठेवते. नाहीतर म्हणशील, पोरगी वाईटच तेवढं सांगते.

आता खरी गोष्ट. आपल्या खानदेशी मंडळाचं रक्ततपासणीचं शिबिर लागायचं, पर्वत पाटियाच्या हॉलात, दरवर्षी. लग्नानंतरही मी तुझ्याच चाळीत, तू मला पहाटे उठवून न्यायचीस. "तुले साखर व्हई, आंग दख तुनं," म्हणायचीस. आपल्या अख्ख्या चाळीतून रांगेत कोण? मी, वरच्या मजल्यावरची ती गलेलठ्ठ मासी, आणि पोट सुटलेले तीन पुरुष. जाडे लोक रांगेत आणि बारीक लोक बाकावर! कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच होतं. बाहेर चपला चोरीला जायच्या म्हणून तू माझ्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसायचीस. सुई टोचताना मी वळून बघायची तर तू चपला पोटाशी धरून माझ्याकडे बघत असायचीस, जशी काही मी आता फुटणारच.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच हॉलात कागद मिळायचा तो चांगला. साखर बरोबर, रक्तातली चरबी बरोबर, बीपी बरोबर. तुझा विश्वासच बसायचा नाही. एका वर्षी तर तू टेबलापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, "मशीन बिगडेल शे तुमनं. परत ल्या तिनं रगत." हॉलभर हशा. तेव्हा ती डॉक्टरीण, चष्मेवाली, आपल्या जळगावकडचीच होती, तिनं मला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. म्हणाली, "ताई, वजन जास्त आहे हे खरं. पण नुसतं अंग बघून आतलं कळत नाही. काही जणांचं वजन जास्त असूनही रक्त ठीक असतं, तुमचं आज तसं आहे. आज, हं. हे कायमचं लिहून दिलेलं नाही. वय वाढतं तसं बिघडतं बऱ्याच जणांचं. म्हणून चालत राहा आणि दरवर्षी या." मी एवढंच धरलं की रक्त ठीक. तू एवढंच धरलंस की वजन जास्त. मग तिनं तुझ्याकडे बघून विचारलं, "आजी, तुमचं झालं का?" आणि तू, दोन्ही हातांत माझ्या चपला, म्हणालीस, "मना आंगवर काय शे साखर धराले?" शेजारचा कंपाउंडरही म्हणाला, माँजी तर काठीसारख्या आहेत, त्यांना काय होणार. पुन्हा हसू. मीही हसले, माय. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण त्या हॉलात पहिल्यांदा कोणी माझ्या अंगावर हसत नव्हतं.

त्याच दिवसांत तुझ्या उशाशी पाण्याची कळशी असायची आणि सकाळी रिकामी. तू म्हणायचीस, सुरतेचा उकाडा. चार-चारदा उठायचीस, म्हणायचीस, म्हातारपण. दिसायचं कमी झालं तर म्हणालीस, जरीच्या साड्या डोळे खातात. प्रत्येकाला तुझ्याकडे उत्तर तयार! मग साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आलं, तेव्हा तुझ्या तळव्यात सुई मोडली. तुला कळलंच नाही. फरशीवर डाग बघून मी विचारलं, हे कसलं, तर तू म्हणतेस, पान खाऊन कोणी थुंकलं असेल. सुई पायात, आणि बाईला दुखत नाही! मला तेव्हा अक्कल असती तर तिथंच तुला उचलून नेलं असतं. हळद भरली, फडकं बांधलं. जखम काळी पडली. दवाखान्यात डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "शुगर कधीपासून आहे?" मी म्हटलं, तिला नाही हो, ती बारीक आहे. माझ्या तोंडानं म्हटलं. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग तुझ्याकडे, आणि तुझं रक्त तपासायला पाठवलं. पाय कापायचं ठरेपर्यंत तू राहिलीच नाहीस.

तुझा मला राग येतो, तो काट्याचा नाही फक्त. दरवर्षी त्या टेबलापासून तू चार हातांवर बसलीस. चार हात! चपला खाली ठेवून उठायचं होतं नुसतं. मला टोचून घेतलंस, माझ्यावर संशय घेतलास, मशीनवर संशय घेतलास, आणि स्वतःवर एकदाही नाही. त्या काटेवाल्याला, कंपाउंडरला, सगळ्यांना वाटलं, तराजूवर जे दिसतं तेच आत असतं. तुलाही तेच वाटलं. मला नातवंडं झाली, तू त्यांना मांडीवर घ्यायची होतीस. कोणाच्या चपला नव्हे.

आज हे सगळं वर आलं त्याला कारण झालंय. माझी सून, म्हणजे नातीची आई, तुझ्याच बांध्याची. मनगटात बांगडी फिरते अशी. गेल्या रविवारी नात ते बोट टोचायचं मशीन घेऊन आली, म्हणाली, चला, सगळ्यांचं करते, माझी प्रॅक्टिस होईल. मुलानं बोट दिलं. नातीनं आपलं स्वतःचं टोचलं, बरोबर निघालं, तर सून म्हणते, "वजन कमी कर आधी, मशीन काय दाखवायचं ते दाखवेल." आणि आपला हात मागे. म्हणाली, "माझं काय करतेस, मला काय होतंय? जा, आजीचं कर, तिचं अंग बघ." माय, माझ्या हातात वाटाण्याची परात होती. ती मी अशी आपटली की वाटाणे बाथरूमपर्यंत गेले. वीस वर्षांत मी सुनेला आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडले, "आत्ताच्या आत्ता बोट दे! रात्री पाण्याला किती वेळा उठतेस ते मी ऐकते. तुला बारीक मेलेली बाई बघायची आहे का? मी बघितलीय." ती रडायला लागली, नात म्हणाली, "आज्जी, बस कर ने," आणि रडत रडत तिनं बोट दिलं. आकडा नातीनं दोनदा वाचला. मग म्हणाली, मम्मी, याच्यावर नाही ठरवायचं, सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्यायचं. त्या गडबडीत माझं बोट राहूनच गेलं.

दिलं. आली साखर, चांगलीच आली. पण वेळेत सापडली म्हणाले डॉक्टर, डोळे, पाय, सगळं ठीक आहे अजून. गोळी चालू झाली, चहातली साखर बंद झाली, माझ्यावर रुसून बसलीय चार दिवस, बसू दे. जिवंत माणूस रुसलेलं मला चालतं. आणि कोणी शोधून काढलं? माझ्या जाड्या नातीनं! मी शेजारच्या बारा घरांत सांगून आले. परवा मी तिला म्हटलं, तुझ्या पणजीला तू भेटायला हवी होतीस. तर म्हणाली, "मला बघून काय म्हणाली असती ती?" मी खोटं बोलले. म्हटलं, कौतुक केलं असतं.

आता एक राहिलंय, ते सांगून पुठ्ठा संपवते. सुनेला लॅबमध्ये आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. आत चप्पल चालत नाही म्हणून तिनं काढून ठेवली, आणि मी ती कधी उचलून मांडीवर घेतली मला कळलंच नाही. नात बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आज्जी, तू छेल्ली केव्हा केलेलीस?" म्हणजे शेवटची. मी लगेच म्हटलं, "माझं काय, माझं कायम चांगलंच येतं." तिला वाटलं, मी दरवर्षी जाते. मी तीन वर्षं गेलेली नाही, माय. पाणी मलाही जास्त लागतं हल्ली. सुरतेचा उकाडा असेल. तसं नाही, तुला खरं सांगते, मला साखरेची भीती नाही वाटत एवढी. कागद वाईट आला तर तू म्हणशील, बघ, मी म्हणत होते. मेलीस तरी तू जिंकशील, म्हणून जात नाही.

तरी नातीनं आज माझंही रक्त लॅबमध्ये द्यायचं ठरवलं, सकाळी काही न खाता-पिता तयार राहायला सांगितलं होतं. ती केस विंचरत होती तेवढ्यात मी आत जाऊन चहा केला आणि उभ्यानंच पिऊन टाकला. तीन चमचे साखर घालून.