वसंताचे पाच प्रश्न

कर्जत, बुधवार, १५ एप्रिल १९७०

उद्या बी.एस्सी.चा गणिताचा पेपर. संध्याकाळी चौक गावचा वर्गमित्र वसंता पाच प्रश्न समजून घ्यायला आला. पाचच, तेही एका चिठ्ठीवरून. मी आकृत्या काढून, एकेक पायरी उलगडत, आनंदाने समजावले. चिठ्ठीची घडी करत तो हसला.

“मास्तर, उद्या हेच येनार हाय. पेपर फुटलाय.”

“आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर शिकवलं असतंस का रं?”

विद्यापीठाला कळवावे, तर कोणाला? पेपर तिथूनच फुटला असणार. परीक्षेला बसू नये, तर वर्ष जाईल. शिवाय चिठ्ठीतला पाचवा प्रश्न मलाही येत नव्हता; त्याला समजावता समजावता आज प्रथमच उमगला. किती सुंदर सिद्धता आहे ती! आता ती विसरायची कशी?