यंदा एकच काम

१० जानेवारी १९७४

मुंबईचं पत्र आलं. एकच! प्रत्येक आमदारानं यंदा एकच काम सुचवायचं — रस्ता, पूल, काय असेल ते. दुष्काळानं तिजोरी खरवडली, वर तेल महागलं, म्हणून. दोन नावं घातली तर दोन्ही बाद.

माझ्याकडे अर्ज एकतीस.

१४ जानेवारी

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, घरात पाहुणे. गुरम्मा म्हणाली, "सणाच्या दिवशी तरी नवऱ्यासारखं वागा, आमदारासारखं नको." कागद गुंडाळले. पण तोवर मनातून एकोणतीस बाद झाले होते. उरली दोन — हिरेकोटीचा पूल आणि खडकेवाडीचं रेल्वे फाटक.

१८ जानेवारी

हिरेकोटी. नदीला आता घोटाभर पाणी. पावसाळ्यात मात्र चार महिने गाव तुटतं. दानम्मा काठावरच भेटली. तिथली सुईण. "बर्री मास्तर, या की!" म्हणाली. निवडून येऊन दोन वर्षं होत आली, तिच्या लेखी मी अजून शाळेतलाच.

गेल्या पावसाळ्यात दोन बाळंतिणी गेल्या. दवाखाना पलीकडं, पाणी मधे. "एकीला खाटेवर घालून इथवर आणली की मास्तर. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत बसलो, पाणी उतरंल म्हणून. पाणी उतरलं नाही. पोरगी थंड पडली."

 

१९ जानेवारी

खडकेवाडी, दुधनीच्या अलीकडं. बाजाराला जायचं तर रूळ ओलांडायचे. फाटक नाही, माणूस नाही. दोन्ही अंगांना मातीचे उंच बांध, त्यात वळण. धोंडीराम म्हणून एक शेतकरी आहे, सात वेळा अर्ज केलेला. त्यानं मला बैलगाडीत घालून मुद्दाम तिथं नेलं. बायको बजाबाई बरोबर. रूळ आले तशी ती खाली उतरली, पुढं गेली, दोन्हीकडं बघून हात केला, मग यानं बैल हाकले. रोजचंच त्यांचं!

"बघा सायेब, रेल्वे दिसती का? आयकू येती तवर अंगावर आल्याली असती."

"आजवर माणूस गेलंय का कोणी?"

"दोन म्हशी गेल्या की."

लिहून घेतलं. म्हशी — दोन.

यंदा एकच काम मिळेल, असं सांगितलं. पुढच्या साली तुमचं बघू म्हटलं. धोंडीराम रागावला नाही. "पुढल्या सालापातूर रेल्वे थांबती व्हय?" एवढंच म्हणाला आणि बैलांना हाकारलं.

२३ जानेवारी

ट्रकवाले मानसिंगराव येऊन गेले. अक्कलकोट रोडवर नवे कारखाने उभे राहतायत, तिकडचा रस्ता घाला म्हणे. "मास्तर, निवडणूक रस्त्यावर जिंकतात. ओढ्यावर नाही!" नाही म्हणून सांगितलं. चहाही अर्धा टाकून गेले. छाती थोडी फुगली — इथं खोटं कशाला लिहू?

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो. पूल लिहिला. सही केली.

२१ मार्च, मुंबई

पूल अंदाजपत्रकात आला! सभागृहात सहा मिनिटं बोललो. त्या खाटेवरच्या मुलीबद्दल सांगितलं तेव्हा समोरच्या बाकांवरही कुजबुज थांबली. बाहेर लोकांनी हात हातात घेतले. हिरेकोटीला तार केली.

फाटकाचं नाव मी कुठंच काढलं नाही. काढून उपयोग नव्हता.

१२ जून

खडकेवाडीच्या रुळावर बैलगाडी रेल्वेखाली सापडली. सात गेले.

१३ जून

दुपारची वेळ होती, वारं उलटं सुटलेलं. बाजारातून बी-बियाणं घेऊन दोन घरची माणसं परतत होती. बजाबाई उतरून पुढं झाली होती, हात करायला. सातांत पहिली तीच. मग गाडीतली सहा.

धोंडीराम घरीच राहिला होता, कुळव दुरुस्त करत. म्हणून वाचला.

ओसरीवर बसला होता. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुमी पुलाला दिलं त्ये बराबरच हाय. तिथलीबी मानसंच की." आणि मलाच पाणी द्यायला सांगितलं कोणाला तरी. तांब्या आला. तसाच खाली ठेवला.

गावातल्या एका बाईनं मात्र तोंडावर विचारलं — "आता लिवून घेतलं का सायेब? किती गेली?"

१७ जून

गुरम्माशी बोललो. ती म्हणाली, "दोन लेकरं बुडत असली आणि हात एकच असला, तर माणूस काय करणार? एकाला तरी ओढलंत."

हेच स्वतःला सांगतोय पाच दिवस. हात एकच होता. एकच काम होतं. मी नीट निवडलं. निवडलं ते खोटं नव्हतं.

२४ जून

हिरेकोटीला पुलाचं भूमिपूजन. हलगी, हार, गुलाल. कुदळ उचलवेना. दानम्मा जवळ आली, हळूच म्हणाली, "तोंड असं का मास्तर? त्या सात जणांचा शाप आमच्या पुलाला लावू नका. आमच्याही दोघी गेल्यात." खरं आहे. कुदळ मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना ठरवलं — पुढच्या यादीत फाटक पहिलं. सगळ्यांशी भांडेन.

३ जुलै

त्या भांडणासाठीच आज खडकेवाडीचे जुने कागद कार्यालयातून मागवले. धोंडीरामचे सातही अर्ज मिळाले. त्यांच्याखाली एक टंकलिखित पत्र. रेल्वेचं, माझ्या नावानं. तारीख ४ डिसेंबर १९७२.

"सदर ठिकाणी रोज किती बैलगाड्या व माणसे ये-जा करतात याची आठ दिवसांची मोजणी गावाकडून करून पाठवावी. आकडे मिळताच आमच्या खर्चाने फाटक बसवून माणूस नेमण्यात येईल."

आमच्या खर्चाने! यादीत घालायची गरजच नव्हती. दोन माणसं आठ दिवस रुळाशेजारी बसवायची होती, बस्स.

पत्राच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलंय, 'पाहिले'. खाली सही. माझी.

मला आठवत नाही.

४ जुलै

गुरम्मा म्हणते फाडा, कोणाला कळणार नाही. पत्र खिशात घातलंय. सकाळच्या गाडीनं दुधनी, तिथून चालत. आधी धोंडीरामला वाचून दाखवणार. मग सभागृहात.