टॅबवरचा घरखर्च

४ मार्च
आणखी एक ॲप काढून टाकलं. मेलं आधी ईमेल मागतं, मग पासवर्ड, मग माझा फोटो! दूध-भाजीच्या हिशोबाला माझं थोबाड कशाला?

यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून घरखर्च माझ्या गळ्यात. आकडे म्हटले की मी चार हात लांब. यांचा उजवा हात गेला तसं लिहिणं सुटलं — आणि बोलणंही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "शब्द येतील हो, पण त्यांनी प्रयत्न तर करायला हवा!" हे आपले खिडकीकडे बघत बसतात.

५ मार्च
आज वेगळं ॲप. नुसत्या जाहिराती. वैताग!

८ मार्च
लेक आली. टॅब तिनेच दिलेला. बँकेचे मेसेज वाचून आपलं आपणच सगळं मांडणारं ॲप घालून दिलं. "आई, आता तुम्हा दोघांनाही डोकं लावायला नको!"

यांनी तोंड फिरवलं. जन्मभर गोदामाचे हिशोब ठेवले. घरचेही. रोज संध्याकाळी मला विचारायचे, "आज काय काय?" असा राग यायचा मला — पोलीस चौकशी नुसती! आता कोणी विचारत नाही, तर घर खायला उठतं.

लेक गेली आणि मी ते ॲप उडवलं.

११ मार्च
एक साधं सापडलं. वस्तू लिहा, आकडा लिहा, संपलं. यांच्या शेजारी बसून भरत होते. पाठ दुखत होती, डोळ्यांवर झापड. दुधापुढे एक शून्य जास्त पडलं. यांचं डावं बोट पुढे आलं, शून्य पुसलं. आणि आवाज — "शू...न्य."

इतक्या दिवसांनी पहिला शब्द! रडलेच मी.

१२ मार्च
साबणाचा आकडा मुद्दाम चुकवला. "जास्त," म्हणाले.

१५ मार्च
धुणं, औषधं, दवाखान्यातली रांग. जीव नकोसा झाला. तरी भाजी मुद्दाम दोनदा लिहिली. "दोनदा!" — जवळजवळ ओरडलेच. लेक फोनवर म्हणते, "आई, याहून सोपं ॲप आहे." नको गं बाई!

१८ मार्च
आज विजेच्या बिलात शून्य वाढवलं. यांनी पुसलं. माझ्याकडे रोखून बघितलं.

"मुद्दाम... करतेस. रोज."

टॅब माझ्या हातातून ओढून घेतला. डावं बोट तयार.

"सांग. आज... काय काय?"

दूध, म्हटलं.