कोटाचा रंग

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला ओळखणारं माझ्याभोवती कुणी उरलेलं नाही. हे गेल्यावर मुलगा मला शारजाला घेऊन आला. अल मजाजला उंचावर घर आहे, खाली पाणी दिसतं आणि त्याच्या काठाने चालणारी माणसं. दिवसभर घरात मी एकटी. शेजारणी मुलींचे स्कर्ट, अबाया खालून दुमडायला आणून देतात. कापड हातात आलं की कात्री घेण्याआधी बोटं आपोआप दुमडीवरून फिरतात. ही सवय तुमची.

भायखळ्याला तुमच्या शिवणवर्गात आले तेव्हा माझी शाळा सातवीत सुटली होती. तुम्ही वर्तमानपत्रावर कटिंग दाखवायचात आणि मी बाहीच्या, गळ्याच्या कागदांवरच्या अर्ध्या बातम्या वाचत बसायची. "बाही शिवते की बाही वाचते?" म्हणून ओरडायचात, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा पेपर माझ्या मशीनवर ठेवलेला असायचा. तुम्ही युरोपातून आलेल्या, तुमचं मराठी गिऱ्हाइकांकडून उचललेलं; त्यात शिव्या पक्क्या होत्या, व्याकरण कच्चं. एकदा मी ब्लाउजची वाकडी टीप लेस लावून झाकली, तर तुम्ही गिऱ्हाइकासमोरच तो उलटा केलात. "चुकला तर उसवायचा. झाकायचा नाही. एक झाकला की बाकीचे चांगले टाके पण खोटे दिसते."

तुम्ही आधी दुमड का चाचपता, हे मी एका दुपारी विचारलं. वर्गात आपण दोघीच. तुम्ही मशीन थांबवलीत. दुसऱ्या महायुद्धात तुम्हाला छावणीत नेलं तेव्हा तुम्ही माझ्याच वयाच्या होतात. तुमच्यासारख्याच ज्यू म्हणून आणलेल्या माणसांचे कपडे तिथे ढिगाने यायचे आणि कुणी काही लपवलंय का, हे बघायला तुम्ही मुली त्यांची अस्तरं उसवायचात. एका कोटाची काजं तुमच्या बोटांना लागली. "माझ्या आईचे टाके," तुम्ही म्हणालात. "शेवटचा टाका ती उलटा घ्यायची." तोवर तुम्हाला वाटत होतं की आई पलीकडच्या बराकीत आहे. मग तुम्ही मशीनचं चाक फिरवलंत. "चल, शीव." पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. त्या छावण्यांबद्दल नंतर मी मिळेल ते वाचलं, पण तो कोट कुठल्याच पुस्तकात नव्हता.

रविवारी जेवताना त्या छावण्यांचा विषय निघाला, तर नात म्हणाली, "आजी, ते सगळं मेड अप आहे. मी व्हिडिओ पाहिला. एवढी माणसं मारणं पॉसिबलच नाही."

मुलगा म्हणाला, "आई, वरण दे ना. आपला काय संबंध?"

वरण बाजूला ठेवून मी तुमची गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. नातीने फोन पालथा ठेवला. "कुठल्या कलरचा कोट?"

"करडा," मी म्हणाले.

"ओ. ग्रे." तिचे डोळे बदलले. तिला पटलं होतं. पण रंग तुम्ही कधी सांगितलाच नव्हता.

ताटं उचलायच्या आधी मी बोलले. "बाळा, रंग मला माहीत नाही. तो मी पदरचा घातला. बाकी बाईंनी सांगितलं तसंच आहे."

"सो यू लाइड?"

"रंगाचं."

"मग बाकीचं कशावरून खरं?"

मुलगा हसला. "बाईंना वकील कच्चा मिळाला. खलास आई, सोड आता." नात उठून खोलीत गेली. तुमचं ऐकलेली जगात मी एकटी उरले, आणि माझ्याच हातून ते हरलं, असं वाटत राहिलं.

आज सकाळी ती बटण तुटलेला शर्ट घेऊन आली. "उलटा टाका म्हणजे कसा?" मी काजाच्या टोकाला घेऊन दाखवला. तिने नखाने तो चाचपला. खाली शाळेची बस आली होती, "यल्ला, निघते, बाय" म्हणत पळाली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, घरात मराठी वाचायला बसणारंही कुणी नाही. घडी घालून शिलाईच्या डब्यात ठेवते. एकच सांगायचं राहिलं, बाई. नातीसमोर मी तो रंग उसवला, पण डोळे मिटले की तुमच्या आईचा कोट मला अजून करडाच दिसतो.