एकशे त्रेसष्ट किलो

६ जानेवारी, सोमवार
चप्पल तुटली. नवी होती हो! अंगणवाडीच्या दारातच डाव्या पायाचा पट्टा तटकन गेला आणि मी एका पायानं अनवाणी उभी. पाय तरी कसला तो — घोट्यावर मांसाची वळी पडलीय, पोटरी कोठीसारखी घट्ट. पूर्वी बोट दाबलं की खळगा पडायचा. आता तोही पडत नाही.

रतनबाई माझी मदतनीस. मनानं चांगली, पण तोंडाला झाकण नाही. पोरांसमोरच म्हणाली, "बाई, ह्यो हत्तीरोगच हाय. डासाचा. माज्या मामीला हुता." झालं! ज्ञानेश्वरी तेव्हाच पोरीला सोडायला आली होती. तिनं ऐकलं, राजनंदिनीला कडेवर उचललं आणि आली तशी मागं फिरली.

८ जानेवारी
बावीसपैकी चौदा पोरं. लागण होते म्हणे माझी!

११ जानेवारी
सुपरवायझर मॅडमचा फोन. "सुचित्राताई, आयांच्या तक्रारी येतायत. झेपत नसेल तर राजीनामा द्या, मी समजून घेईन."

समजून घेईन म्हणे! अठरा वर्षं झाली इथं. हे काम गेलं तर मी पलंगावर बसणार, आणि एकदा बसले की उठायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. राजीनामा देणार नाही. कुणी काही म्हणो.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला एकटी रतनबाई आली. वर म्हणते, "म्या काय बोलले हुते का तसं?"

१७ जानेवारी
रक्ताचा रिपोर्ट आला — हत्तीरोग नाही!! ह्यांनी सुप्याहून कंपनीतून येताना पेढे आणले. शामकांत जोशींनी स्वतःच्या खिशातून पेढे आणायचे म्हणजे सणच. रिपोर्टची झेरॉक्स काढून अंगणवाडीच्या दारावर चिकटवली. रतनबाई घरोघर सांगत फिरली, "बाईंला कायबी न्हाई झालेलं!"

काही नाही झालेलं, तर मग हे पाय कुणाचे? पण ते आज कुणाला विचारायचंय! पेढे खाल्ले. चार.

२२ जानेवारी
नगरला डॉ. मेहरीन यांच्याकडे. तरुण आहेत, पण घाई नाही बाईंना. पाय हातात घेऊन बघितले. किती वर्षांनी कुणी हात लावला!

म्हणाल्या, "अंगातलं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. तुमच्या वजनाखाली त्या दबल्यात, काही कायमच्या खराब झाल्यात. म्हणून पाणी पायातच साठतं, आणि पाय जड म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून वजन अजून वाढतं." लघवीच्या गोळ्या मी वर्षभर घेत होते, त्या बंद केल्या. त्यानं हे उतरत नाही म्हणाल्या. रोज पट्टे बांधायचे, कातडी जपायची, वजन कमी करायचं. "पूर्वीसारखे होतील असं नाही सांगत. पण आटोक्यात येतील."

वजनाच्या काट्यावर उभी राहिले तर त्यावर नुसत्या रेघा. दीडशेच्या पुढं तो दाखवतच नाही.

२३ जानेवारी
डासच चावला असता तर बरं झालं असतं. खरंच! लोक हळहळले असते. आता प्रत्येक जण माझ्या ताटात बघणार.

आणि खाते मी. खोटं कशाला लिहू? पोरांची उरलेली खिचडी टाकवत नाही. पातेल्यात दोन पळ्या उरतात, त्या मी उभ्या उभ्या संपवते. घरी येऊन परत जेवते. पण सासूबाई नव्हत्या का खात? त्या काडीसारख्या गेल्या. सगळा राग माझ्यावरच का काढला देवानं!

२८ जानेवारी
वजन झालं. कुठं? कांद्याच्या मार्केटात! ह्यांचे मावसभाऊ गहिनीनाथ भावजी तिथं मापाडी आहेत. दुपारी गर्दी ओसरल्यावर या म्हणाले. गोण्यांच्या मोठ्या काट्यावर चढले. चार हमाल मुद्दाम पाठ करून उभे राहिले, तेच जास्त लागलं.

भावजी सवयीनं मोठ्यांदा ओरडले, "एकशे त्रेसष्ट! बारदान वजा, एकशे बासष्ट!" आणि कागदावर तसंच लिहिलंसुद्धा. गोणीचा एक किलो कापायची सवय हो त्यांना. मग स्वतःच जीभ चावली. मी हसले. इतकी हसले की रडूच आलं. एक किलो तर कमी झाला!

डॉक्टरांना मात्र त्रेसष्टच कळवलं.

४ फेब्रुवारी
ह्यांनी पट्टे बांधायला शिकून घेतलं. पहाटे शिफ्टच्या आधी अर्धा तास खाली बसतात आणि बोटांपासून वर गुंडाळत येतात. चुकलं की सोडून पुन्हा. आज म्हणाले, "घोटा दिसला गं तुझा."

खिचडी उरली. रतनबाईला घरी न्यायला लावली.

१२ फेब्रुवारी
ताप. उजवा पाय लालभडक, हात लावू देत नाही. बोटांच्या बेचक्यात चीर पडली होती, तिथून जंतू गेले. नगरला ॲडमिट. माझ्या जागी शेजारच्या गावची सेविका सविता पोरं सांभाळणार आहे.

१६ फेब्रुवारी
ताप उतरला. थकवा इतका की पेन धरवत नाही.

१७ फेब्रुवारी
सविताचा फोन. "ताई, तुमचा पोरांचा काटा बिघडलाय बघा. राजनंदिनी तुमच्या नोंदीत सव्वाअकरा किलो, आणि इथं नऊच भरतेय. अजून पाच-सहा पोरांचं तसंच. नवा काटा मागवू का?"

उद्या सांगते म्हणाले.

१८ फेब्रुवारी
सविताला सांगितलं, काटा चांगला आहे.

ऑगस्टपासून मी एकाही पोराला त्यावर ठेवलेलं नाही. काटा जमिनीवर. मला वाकता येत नाही, रतनबाईला आकडे वाचता येत नाहीत, आणि हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दर महिन्याला मागच्या आकड्यात शंभर-दीडशे ग्रॅम घालून भरत गेले. बावीसच्या बावीस पोरांचं.

मॅडमनाही मीच फोन केला. राजनंदिनीला उद्या तपासायला इथंच, या दवाखान्यात आणतायत. ते आकडे खोटे होते हे ज्ञानेश्वरीला अजून माहीत नाही. तिला मीच सांगणार आहे.