ऋतुराजचा खारट मुका

उचगाव
१२ एप्रिल १९९८

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

चि. बाळासोस आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आपला नातू ऋतुराज पाच महिन्यांचा झाला, पण अंग धरत नाही. दूध पितो भरपूर, खोकतोही भरपूर. एक नवल सांगते. त्याचा मुका घेतला की ओठ खारट होतात. आधी वाटलं, दृष्ट काढताना माझ्याच हातचं मीठ लागलं असेल. पुसून घेतला तरी तेच. मग आईच्या दुधातूनच उतरत असणार, म्हणून संयोगिताचं मीठ बंद केलंय. तुझी लेक अळणी आमटी गिळते आणि माझ्याकडे मी सावत्र असल्यासारखी बघते. सख्खी आत्या आहे म्हणावं!

रूपालीच्या सुपारीचं लांबवू नकोस. माझ्या थोरल्याला तुझी थोरली दिलीस, आता पिराजीला धाकटी दे. घरातली लेक बाहेर कशाला?

तुझी
आक्का

आजरा
२५ एप्रिल १९९८

तीर्थरूप आक्कास बाळासोचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथं काजूची गडबड, म्हणून उत्तराला उशीर. तुझं औषध वाचून हसू आलं आणि रागही आला. बिनमिठाचा रस्सा तू स्वतः खाशील का? माझ्या लेकीच्या दुधाला नावं ठेवू नकोस. पोराला मोठ्या डॉक्टरला दाखव. ऊन वाढतंय, मला काळजी वाटते.

पेरण्यांआधी सुपारी फोडू. रूपालीनं साडीसुद्धा निवडून ठेवलीय.

बाळासो

उचगाव
३० मे १९९८

चि. बाळासोस आशीर्वाद.

उन्हानं पोरगं एकदम मलूल पडलं, सलाईन लावावं लागलं. आता बरं आहे. मुक्याचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या आणि पुण्याला घामाची तपासणी करायला लावली. त्यांनी समजावलं की अंगातल्या प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो आणि त्याला मीठ आत-बाहेर जायची दारं असतात. आपल्या पोराची ती दारं उघडत नाहीत. घामातलं मीठ परत आत येत नाही, आणि छातीत चिकट कफ साठतो. दुधाचा काही दोष नाही. उलट पोरालाच जादा मीठ पाजायचं. संयोगिताच्या ताटात आता मीच मीठ वाढते. दुखणं जन्माचं आहे, रोज पाठ थोपटून कफ सोडवतो.

आता नीट वाच. हा दोष अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून येतो. अर्धा असलेल्याला काही होत नाही, कळतही नाही. तो आपल्या रक्तात आहे, तुझ्या-माझ्यात, कदाचित रूपाली-पिराजीतही. त्यांच्या लेकराला होईलच असं नाही, असं बाई म्हणाल्या. पण मी रोज एक लेकरू खोकताना बघते. रूपाली मला सून म्हणून नको. पिराजी, लगीन करीन तर तिच्याशीच, म्हणून ताटावरून उठला. तीही रडेल. रडू दे.

ठरलेलं मोडलं की बोट पोरीकडे जातं. तेव्हा गावात सांग, आक्काला मोठ्या घरची सून हवी होती, हावरट निघाली. मला कुणी विचारलं तर मी व्हय म्हणेन.

चारचौघांत मला खुशाल शिव्या दे. घरात मात्र लोभ होता तसा राहू दे.

तुझी
आक्का